हिंगो साहेबाच्या शिव्या

आचल, तुह्या पुस्तकात हे शब्द नाहीत.
मी पायलं. पहिल्या धड्यात नमस्कार,
दुसऱ्यात उशी, चादर, ताप, सुई.
माह्यावाले शब्द जिनिंगच्या पावतीबुकाच्या पाठीवर आहेत,
तेलाच्या बोटांनी लिहिलेले,
अर्धे उंदरानं वाचले.

मारेगाव रोडवर नवी प्रेस बसवाले
जर्मनीहून इंगो साहेब आला होता.
आमी त्याले हिंगो म्हनो.
एक्केचायीस दिवस राह्यला.
ठेचा खाऊन रडे, पुन्हा मागे,
अन् हातातून पाना सटकला का म्हने, मिस्ट!

मिस्ट म्हन्जे काय, म्या इचारलं.
त्यानं मले बाहेर नेऊन
गोठ्यामागचा उकिरडा दाखवला.
म्या म्हटलं, साहेब, ही शिवी कशी होईन?
आमी त हे बंडीत भरून वावरात नेतो,
कमी पडलं त इकत घेतो.

क्वाट्श: उगाचची गोठ.
मालक म्हने, आठ दिवसात प्रेस चालू,
तवा हिंगो माह्या कानात हयूच, क्वाट्श.
हा शब्द हयूच म्हनाचा असते.

डोनरवेटर: इजा, गडगडाट.
रागातही चालते, खुशीतही चालते.
पुंजारामनं एकट्यानं गठान उलथवली
तवा हिंगो टोपी काढून म्हने, डोनरवेटर!
पुंजारामले वाटलं, पानी येते.
तो पोते झाकाले पयाला.

श्पिनर: सूत कातनारा.
आता हे आयक.
आपल्या वर्धेकडं सूत कातनाऱ्याच्या पाया पडत,
तिकडं त्याले बह्याड म्हन्तात.
हे सांगतलं त हिंगो बम हसला,
मंग गप. म्हने, माहा आजा
सुताच्या गिरनीतच होता.

श्वाइनेहुंड: डुक्कर अन् कुत्रा, एकाच कातड्यात.
कोनाले म्हटलं त भांडन.
पन एक आतला असते,
सकायी म्हन्ते, झोप बे, कायले उठतं.
तो सगयाइच्या आत असते, हिंगो म्हने.
माह्यावाला दुपारी दोन वाजता
निंबाखाली पाय पसरे. अजूनही पसरते.

वुर्स्टचं पान उंदरानं खाल्लं.

अडतिसाव्या दिवशी
माही दोन बोटं पट्ट्यात गेली.
हिंगोनं खटका पाडला, सदरा फाडून बांधला,
वनीलोक जीपमधी माहा हात
आपल्या छातीशी धरून बसला.
पाना पडला त शिवी, खिया वाकला त शिवी,
च्या थंडा झाला त शिवी देनारा मानूस,
तोंडातून एक शब्द नाही.
मले बोटाइपेक्षा त्याचंच भेव वाटलं.
शेवटी म्याच म्हटलं, मिस्ट.
त्याचे डोये भरले. म्हने, हाव, मिस्ट.
"हाव" त्यानं आपल्याकडूनच उचललं होतं.

तू ज्या दवाखान्यात चालली
तथी म्हातारेच म्हातारे असतीन.
कोनी चमचा फेकून मिस्ट म्हनन,
तुले नाही म्हनून राह्यला तो, चमच्याले म्हन्ते.
उचल अन् धू.
रोज ओरडनारा एखाद्या दिवशी
भिताडाकडं तोंड करून गप पडला,
त खुर्ची ओढ.
मंग तुले जो शब्द आठवन तो म्हन,
बह्याड म्हटलं तरी चालन.

अन् पोलिसाले दू म्हनू नको, झी म्हन.
तिकडं नुसतं तू म्हटल्याचा दंड पडते,
हिंगो सांगे. खरं का क्वाट्श, मले मालूम नाही.
पन आपन पडलो वऱ्हाडी,
आपल्याले कलेक्टरही तू अन् बैलही तू.
म्हनून सांगतो.
बॅग भरली का? ठेचा वरतून ठेव.